ठशांतल्या बैलाला आवतण

ठसा खोदायला हवाई चपलेच्या जुन्या तळव्याइतकी चांगली वस्तू नाही, असं माझं पक्कं मत आहे. ठसे कोरायला वापरतात ती लिनोलियमची चादर आणायला शहर गाठावं लागतं, शिवाय गारठ्यात ती कडक होते. चपलेचं रबर मऊ असतं, आठवीतल्या पोरांच्या हाताला झेपतं आणि डिंक घातलेला पोस्टर रंग नीट धरतं. वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या एका गावात मी चित्रकला शिकवते. श्रावणात आठवीच्या वर्गानं ठरवलं की पोळ्याचा बैल ठशांनी छापायचा आणि मोबाईलवर चालवायचा.

चालवायचा म्हणजे सेकंदाला बारा चित्रं लागतात. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असला, तरी एकेक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर डोळ्यांना तेवढं पुरतं. दर वेळी अख्खा बैल नव्यानं कोरायचा म्हटलं असतं तर पोळा उलटून गेला असता. म्हणून धडाचा ठसा एकच केला आणि पायांचे वेगळे: सरळ पाय, वाकलेला पाय, उचललेला खूर. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून पाटीवर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवला. मोबाईल स्टँडवर उलटा टांगला, खिडक्या बंद केल्या आणि ट्यूबलाइट लावली. पावसाळी उजेड ढगागणिक बदलतो, मग पडद्यावरचं चित्र लुकलुकत राहतं. छपाईतून हलत्या चित्राकडे जायची वाट आपल्याकडे जुनी आहे, हे मी पोरांना मुद्दाम सांगितलं. 1913 साली पहिला भारतीय कथापट पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके त्याआधी ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते. कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपून ते पडद्यावर वाढताना दाखवायचा प्रयोगही त्यांनी केला होता. वर्गातल्या पोट्ट्यांना कथापटापेक्षा तो वाटाणा जास्त आवडला.

पहिली फीत चालवून पाहिली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बैल चालून नाही राह्यला, घसरून राह्यला!"

खरं होतं ते. पोरांनी पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकाच वेळी उचलले होते. तशा चालीनं बैल दुडक्या पळतो, चालत नाही. एक मुलगी म्हणाली, "आमच्या आबाजीले बोलावतो." आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊनच आली.

आबाजींनी चष्मा पुसून मोबाईलवर बैल पाहिला. बोलले काही नाहीत. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि चार बोटांनी चाल वाजवून दाखवायला लागले. "मागचा डावा. मंग पुढचा डावा. मंग मागचा उजवा. मंग पुढचा उजवा. चार येळा वाजलं पायजे. अन् मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडते, चिखलात पाहून घ्या."

हा त्या दिवसाचा खरा धडा होता आणि तो माझ्याकडून नव्हे, त्यांच्याकडून आला. मी तेच टेबलावरचं वाजवणं मोबाईलवर टिपून घेतलं. ॲपमध्ये आवाजाची रेघ उमटली, तिच्यात चार उंचवटे स्वच्छ दिसत होते. बैलाच्या एका पूर्ण चालीला सोळा चित्रं धरली की दर चौथ्या चित्रात एक खूर जमिनीवर येतो. तोवर आम्ही आधी चित्र आणि मग आवाज असं धरून चाललो होतो. आता पोरांनी आवाज समोर ठेवून चित्रं मांडली आणि बैल मातीवर पाय रोवून चालायला लागला.

खुरांच्या आवाजासाठी करवंट्या आणल्या. त्या नुसत्या आपटल्या की घोडा पळाल्यासारखं वाटतं. म्हणून त्यांना जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून घमेल्यातल्या ओल्या मातीवर थापटलं. आबाजींच्या घरी खुंटीला घुंगरमाळ होती. पोरानं हातात धरून ती खळखळवली, तर ते चिडले. "हातात नाही वाजत तशी. मानेत घाल अन् चाल." मग एक पोरगा घुंगरमाळ गळ्यात घालून व्हरांड्यात आबाजींच्या बोटांच्या तालावर चालला. मोबाईलच्या माईकवर सुती दुपट्टा टाकला होता, त्यामुळे वारा आड आला नाही.

राहिलं आवतण. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, आमच्याकडे हळद-तुपानं बैलाचे खांदे शेकतात आणि त्याला जेवायचं निमंत्रण देतात. ते मला आबाजींच्याच आवाजात हवं होतं. त्यांनी मान हलवली. "कोणाले देऊ आवतण? जोडी इकून टाकली. गोठा तं रिकामा आहे." नांगरट ट्रॅक्टरनं होते, गावात जोड्या कमीच उरल्या आहेत. मला आग्रह करवेना.

त्यांच्या नातीनं काही न विचारता मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला आणि बैल पुन्हा सुरू केला, या वेळी पायांच्या आणि घुंगरांच्या आवाजासकट. आबाजी वाकून पाहत राहिले. बैल कागदाच्या कडेपर्यंत आला, तसे म्हणाले, "उभा कर त्याले."

नातीनं फ्रेम थांबवली. आबाजी सावकाश बोलले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मधे केवढा तरी वेळ थांबले आणि मग पुन्हा तेच. ॲप चालूच होतं.

आता अडचण वेगळी होती. त्यांच्या बोलण्याएवढा वेळ बैल उभा राहायला हवा आणि गोठवलेली एक फ्रेम तेवढा वेळ ठेवली की बैल मेल्यासारखा दिसतो. मी पोरांना सांगितलं, उभ्या बैलाचा तोच ठसा पुन्हा पुन्हा उठवा, रंग पुसून सारखा करू नका. कुठे रंग दाट बसला, कुठे विरळ, कुठे चपलेच्या रेषा उमटल्या. एकामागून एक ती चित्रं लावली तर उभ्या बैलाचं अंग थरथरताना दिसलं, श्वास घेतल्यासारखं. कॉम्प्युटरवर काढलेल्या गुळगुळीत रेषेला हे जमत नाही. हातानं छापलेलं चित्र हलवायचं ते यासाठीच, आणि ठसे साफसूफ करून एकसारखे करा असं कुणीही सांगितलं तरी मी ऐकणार नाही.

आबाजी उठायला लागले आणि दारातून परत वळले.

"कान कोठी हाले त्याचा?"

"अं?"

"आवतण ऐकून राह्यला न तो. कान हालवा त्याचा. अन् शेपटी. माश्या काय पोट्टे हाकलतीन?"

जुन्या चपलेचा टाचेकडचा तुकडा उरला होता. त्यातून तीन कान आणि दोन शेपट्या निघाल्या.