चोळमंडल: मेणावर आणि पत्र्यावर उभं राहिलेलं गाव

चेन्नईहून महाबलीपुरमला निघालेले पर्यटक वाटेतल्या इंजंबाक्कमला सहसा उतरत नाहीत. चोळमंडल हे चित्रकार-शिल्पकारांचं गाव तिथेच आहे. उतरावं. तिरुवान्मियूरहून ईस्ट कोस्ट रोडने जाणारी बस धरायची आणि कंडक्टरला ‘चोळमंडल आर्टिस्ट्स व्हिलेज’ सांगायचं. सकाळीच पोचलेलं बरं, कारण बागेतली शिल्पं उघड्यावर आहेत आणि अकराच्या पुढे मद्रासचं ऊन काही बघू देत नाही. संग्रहालय आणि गॅलऱ्या सगळ्यांसाठी खुल्या असतात. आतली घरं मात्र चित्रकार-शिल्पकारांची राहती घरं आहेत, तिथे उगाच डोकावायचं नाही.

हे गाव वसवलं के. सी. एस. पणिक्कर यांनी. मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे ते तेव्हाचे प्राचार्य. चांगली चित्रं काढणारी मुलं शिकून बाहेर पडायची, पोटासाठी कुठेतरी नोकरी धरायची आणि ब्रश सुटायचा. सरकारकडे हात पसरण्यापेक्षा हस्तकलेतून पोट भरू आणि उरलेल्या वेळात आपलं काम करू, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यासाठी आर्टिस्ट्स हँडिक्राफ्ट्स असोसिएशन ही सहकारी धर्तीची संस्था उभी राहिली. बाटिक (मेण लावून रंगवलेलं कापड) आणि इतर वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर समुद्राकाठची वाळूची जमीन घेतली गेली आणि १९६६ साली वसाहत सुरू झाली. गावाचा कारभार आणि तिथली विक्री हीच संस्था बघत आली आहे.

म्हणून इथे येताना बाटिक कसं होतं ते ठाऊक असलेलं चांगलं. कापडावर जिथे मेण लागतं तिथे रंग धरत नाही, एवढंच त्याचं तत्त्व; पण हा ‘चित्रकाराचा जोडधंदा’ वाटतो तेवढा सोपा नाही. आधी सुती कापडातली खळ पूर्ण काढायची, म्हणजे धुण्याचा सोडा आणि साबण घालून उकळायचं. खळ राहिली तर मेण आत शिरत नाही आणि रंगही डागाडागांनी बसतो. मेण दोन जातींचं मिसळतात: पॅराफिन ठिसूळ, मधमाश्यांचं मेण चिवट. दोन भाग पॅराफिनला एक भाग मधमेण हे बरं प्रमाण. पॅराफिन वाढवलं की मेणाला तडे जास्त पडतात आणि त्यांतून रंग शिरून बाटिकची ती जाळी उमटते, मधमेण वाढवलं की रेघ स्वच्छ राहते. मेण नेहमी पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावं. थेट आचेवर धूर आला की ते पेट घेण्याच्या बेतात आहे असं समजायचं, आणि पेटलंच तर पाणी न ओतता झाकण घालायचं.

मेण नीट तापलंय का, ते कापडच सांगतं. ब्रशचा फटकारा ओला आणि पारदर्शक दिसला, मागच्या बाजूलाही उमटला, तर बरोबर. दुधासारखा पांढरा थर वरच बसला तर मेण थंड आहे. रंग त्याच्याखालून सरपटत जाणार. फार गरम असेल तर रेघ पसरते. मेण वितळू नये म्हणून रंग थंडच लागतो. बाटिकमध्ये नॅप्थॉल रंग (थंड पाण्यात, दोन टप्प्यांत चढणारे रासायनिक रंग) बरेच चालायचे ते त्यामुळेच. कॉस्टिक सोडा घालून विरघळवलेल्या नॅप्थॉलमध्ये कापड बुडवायचं, निथळू द्यायचं, मग डायझो सॉल्ट या रंग फोडणाऱ्या रसायनाच्या थंड पाण्यात घालायचं. रंग डोळ्यांदेखत फुटतो. निथळणं घाईत उरकलं की जिथे पाणी साचलेलं असतं तिथे गडद ढग उमटतात आणि ते पुसण्याची सोय नाही. हातमोजे हवेतच.

क्रम उजळाकडून गडदाकडे. पांढरं राखायचं तिथे पहिलं मेण, मग पिवळा. पिवळं राखायचं तिथे मेण, मग लाल. शेवटी काळा किंवा गडद निळा. पिवळ्यावर निळा टाकला तर हिरवाच मिळणार, त्यामुळे अख्खं चित्र उलट्या क्रमाने डोक्यात असावं लागतं. तड्यांसाठी मद्रासच्या हवेत आणखी एक अडचण: उन्हाळ्यात मेण मऊ राहतं आणि चुरगाळलं तरी फुटत नाही. कापड आधी गार पाण्यात बुडवून मगच चुरगाळावं लागतं. मेण काढायला साबणाच्या उकळत्या पाण्यात कापड काठीने खाली दाबून ठेवतात, नाहीतर तरंगलेलं मेण परत त्यालाच चिकटतं. पाणी निवलं की वर साय धरते, ती काढून पुढच्या कामाला वापरायची. ते पाणी मोरीत ओतलं तर पाइप तुंबलाच समजा.

खरं बाटिक ओळखायचं असेल तर कापड उलटून पाहावं. दोन्ही बाजूंना रंग सारखा हवा आणि तड्यांची जाळी कुठेही पुन्हा तशीच यायला नको. छापील नकलेत हातभर अंतरावर तोच तडा परत भेटतो.

संग्रहालय २००९ मध्ये उघडलं. पणिक्करांच्या १९६३ पासूनच्या ‘शब्द आणि प्रतीकं’ मालिकेतली चित्रं कुंडलीच्या कागदासारखी दिसतात: चौकोन, आकडे, मल्याळम वळणाची अक्षरं. वाचायला जाऊ नका, ती वाचण्यासाठी नाहीतच. के. रामानुजम यांची शाईची रेखाटनं मात्र जवळ जाऊन बघायची. आडव्या-तिरक्या रेघा इतक्या दाट की लांबून नुसता करडा रंग वाटतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो धातूच्या कामापाशी. पी. व्ही. जानकीराम यांनी तांब्याचा पत्रा ठोकून शिल्पं केली. देवळातल्या दगडी मूर्तींवर चढवलेली धातूची कवचं त्यांच्या नजरेसमोर होती. आपल्याकडे देवाला चांदीचा मुखवटा चढवतात, त्याच जातीचं हे तंत्र. साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा राळेच्या (दाबाखाली थोड्या दबणाऱ्या चिकट थराच्या) बैठकीवर बसवून मागून ठोकतात, मग उलटवून पुढून रेघ काढतात. ठोकता ठोकता तांबं कडक होतं. हातोडीचा आवाज टणक यायला लागला की थांबून पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. ही पायरी टाळली की उंचवट्याच्या कडेला चीर जाते. पितळेला तर लाल असतानाच पाणी दाखवू नये, तडकतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडी घडवण्याचं काम, करणाऱ्यांना यातलं काही नवं वाटणार नाही.

वर तारेची नक्षी डाख (जोडण्यासाठी वितळवलेला धातू) देऊन बसवलेली असते. त्याआधी लावायचा टाकणखार सगळीकडे लागला नसेल तर डाख पसरत नाही, गोळी होऊन राहतो. ज्योत आधी पत्र्यावर धरायची, कारण बारीक तार पत्र्याच्या कितीतरी आधी वितळते. इथलेच शिल्पकार एस. नंदगोपाल यांच्या तांब्या-पितळेच्या कामांत काही ठिकाणी चांदीचा मुलामाही आहे. या मंडळींची शिल्पं समोरूनच बघायची असतात, आणि त्याचं श्रेय समीक्षक देवळांच्या परंपरेला देतात. ते खरंच आहे, पण मला वाटतं अर्धं श्रेय पत्र्याचं. ठोकलेल्या पत्र्याची पाठ पोकळच राहते, मग शिल्पकार पुढच्या बाजूलाच जीव ओतणार. जिथे परवानगी असेल तिथे मागे जाऊन सांधे जरूर बघा.

धातूचं काही विकत घेतलंत तर घरी आणून चिंच-मीठ लावून घासू नका. शिल्पकाराने मुद्दाम आणलेला काळपट रंग आणि पातळ मुलामा दोन्ही जातात. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवी पूड धरते. ती मऊ ब्रशने झाडायची, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं आणि वर मेणाचा अगदी पातळ हात द्यायचा. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी आणि नंतर, असं वर्षातून दोनदा.