सांदवाडीतल्या भाजीवर फवारणी : माझा अनुभव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचं नाव काढलं की अजूनही लोकांना २०१७ चा पावसाळा आठवते. त्या हंगामात कपाशीवर फवारे मारताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी अन् शेतमजूर गेले, शेकडो लोकं दवाखान्यात भरती होते. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, दमट गरमी, दोन-तीन औषधं एकात एक कालवलेली अन् तोंडाला फक्त दुपट्टा. तेव्हापासून शेतातल्या फवारणीबद्दल तरी बोललं जाते, कृषी विभागाचे लोकं गावात येऊन सांगतात, पण घरामागच्या चार वांग्याच्या झाडांबद्दल कोणी काही सांगत नाही. अन् खरं तर तिथंच लेकरं खेळतात, कोंबड्या चरतात, धुणं वाळते अन् तिथलीच भाजी त्याच संध्याकाळी चुलीवर चढते.

आमची सांदवाडी, म्हणजे घरामागची परसबाग, लहानशीच आहे. वांगी, भेंडी, चवळीचा वेल, कढीपत्ता, एक लिंबाचं झाड अन् समोर जास्वंद. या वर्षी पाऊस उघडला अन् भेंडीवर मावा अन् पांढरी माशी आली, जास्वंदीच्या कळ्यांवर पांढरा कापूस धरल्यासारखा पिठ्या ढेकूण, अन् वांग्याचे शेंडे माना टाकायला लागले. शेंडा मोडून पाहिला तर आत बारीक गुलाबी अळी. मग घरात चर्चा सुरू झाली. माझे दीर म्हणाले, "वहिनी, कपाशीची बाटली पडलीच आहे ना कोठ्यात, झाकणभर टाका अन् द्या मारून, कायले नवीन आणता." सासूबाई लगेच म्हणाल्या, "अरे, रोजची भाजी तोडतो आपण त्याची, लेकरायच्या पोटात जाईन ना ते." मी सासूबाईंच्या बाजूने होते, पण नुसतं नाही म्हणून अळी काही जात नाही, म्हणून ती बाटली उजेडात नेऊन नीट वाचली.

बाटलीवर एक चौकोन असतो टोकावर उभा केलेला, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याच्या वर कवटी अन् हाडं असतात. पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, अन् हिरवा सगळ्यात कमी. आता कमी म्हणजे निर्धोक नाही, ते वेगळं. कोठ्यातल्या बाटलीत प्रोफेनोफॉस होतं अन् लेबलवर पीक लिहिलेलं होतं कापूस. वांगं नाही, भेंडी नाही, जास्वंद तर नाहीच. ज्या पिकाचं नाव लेबलवर नाही त्याच्यावर ते मारायचं नसते, कारण किती मारायचं अन् मारल्यावर किती दिवस ती भाजी तोडायची नाही हे त्या पिकासाठी कोणी ठरवलेलंच नसते. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर सरळ बंदी आहे, तरी गावात लोकं वांग्यावर मारताना मी पाहिलं आहे. हे दोन्ही एकाच जातीचे विष, शरीरातलं नसांचं काम नीट चालवणारं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात, मग घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, अंग थरथरणं अन् श्वास अडकणं. पोटातच जायला पाहिजे असं नाही, कातडीतूनही जाते, ओला सदरा अंगावर राहिला तरी जाते. हे दिरांना नीट समजावून सांगितलं, अन् ते ऐकले, त्यांनीच ती बाटली परत कुलपात ठेवली.

मग कृषी केंद्रात गेले. तिथं आधी कपाशीचंच औषध पुढं केलं, मी म्हटलं दादा, घरची भाजी आहे, लेबलवर वांगं अन् भेंडी लिहिलेलं दाखवा. दोन गोष्टी समोर आल्या. एक इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, त्याच्या लेबलवर वांग्याला ३ दिवस अन् भेंडीला ५ दिवस थांबायचं दिलेलं, दुसरं कडुनिंबाचं औषध, ॲझाडिरेक्टिन ३०० पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखात किती भाग). इमामेक्टिन वाईट आहे असं नाही, पण त्याचं प्रमाण १० लिटरला ४ ग्रॅम, माझ्या वाडीला लागते २ लिटर पाणी, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास. ते घरी कशावर मोजणार? चमच्याने अंदाजे टाकलं की तिप्पट पडते, अन् "थोडं जास्तच बरं" हाच विचार आमच्याकडे घात करते. निंबाचं औषध १ लिटरला ५ मिली, लेकरांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येते तसल्या झाकणाने मोजता येते (ते झाकण आता फक्त त्याच कामाचं, त्याच्यावर लाल नेलपॉलिशने फुली मारून ठेवली). म्हणून निंबाचं आणलं. बिल घेतलं अन् तारीख पाहिली, मुदत संपलेला माल लहान गावात सर्रास कपाटात उभा असते.

पंपाचं पण सांगते. शेतातला पाठीवरचा पंप घरच्या भाजीसाठी आणायचा नाही. त्याच्यात तणनाशक मारलेलं असते, अन् २,४-डी नावाच्या तणनाशकाचा थोडा जरी अंश राहिला तरी वांगी-टमाटरची पानं वाकडीतिकडी होतात, झाड गेलंच समजा. मी २ लिटरचा हाताने हवा भरायचा छोटा पंप घेतला, पहिले साधं पाणी भरून मारून पाहिलं, कुठं गळते का. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करायचं.

फवारणीपेक्षा फवारणीच्या आधीचं कामच जास्त आहे, अन् लोकं तेच सोडतात. दुपारपासून मी आवरायला लागले. दोरीवरचे कपडे काढले, वाळत घातलेली तुरीची डाळ आत नेली, रांजण झाकला, विहिरीवर पत्रा ओढला, बकरी दुसऱ्या बाजूला बांधली, कोंबड्या खुराड्यात, त्यांचं पाण्याचं भांडं उपडं केलं. पोराची चप्पल अन् बॅट झाडाखाली पडली होती ती उचलली. मागच्या भिंतीला लागून शेजारच्या काकूंची खिडकी आहे, त्यांना सांगून आले की काकू, आज संध्याकाळी खिडकी लावून घ्या. तोडण्यासारखी भेंडी अन् वांगी होती ती सगळी आधी तोडून घेतली, म्हणजे मग थांबायला जीवावर येत नाही.

वेळ संध्याकाळची घेतली. एक तर ऊन ॲझाडिरेक्टिनला लवकर खराब करते, दुसरं म्हणजे चवळीच्या फुलावर सकाळी मधमाश्या असतात, अन् संध्याकाळी आमच्याकडे वारा पडलेला असते. तरी राख चिमूटभर उडवून वाऱ्याची दिशा पाहिली अन् वारा पाठीवर घेऊन मागे मागे सरकत फवारलं, म्हणजे ओल्या झाडातून आपल्याला जावं लागत नाही. अंगावर यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, सलवार, पायात रबरी बूट, हातात रबरी मोजे, डोळ्याला साधा गॉगल, तोंडाला मास्क. दुपट्टा बांधणं म्हणजे मास्क नाही, तो ओला होते अन् तेच औषध नाकापाशी धरून ठेवते. निंबाचंच तर आहे, कायले एवढं, असं घरचे म्हणत होते, पण ते डोळ्यात गेलं की आग होते अन् सवय एकदा सोडली की दुसऱ्या औषधालाही माणूस तसाच उघडा उभा राहते.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेला. हे मी मुद्दाम लिहिते कारण आमच्या विदर्भात फवारणी करणाऱ्या माणसाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असतेच. हाताला औषध लागलेलं, त्याच हाताने पन्नी चोळायची अन् चिमूट गालात. मास्क, मोजे सगळं करून तोंडातून विष आत गेलं. माझ्या सासऱ्यांना मी सांगून ठेवलं आहे, पंपाला हात लावायचा तर पन्नी घरात ठेवून या, अन् साबणाने हात धुतल्याशिवाय परत मिळणार नाही. ते चिडतात, पण ठेवतात.

मारताना पानाच्या खालच्या बाजूने मारलं, मावा अन् माशी तिथंच असते. समोर हरळीचा एक तुकडा आहे, पोरं त्याच्यावर लोळतात, तिथं काहीच मारलं नाही कारण तिथं काही कीडच नव्हती. जास्वंदीचा ढेकूण आधी पाण्याच्या जोरदार धारेने पाडला, खूप किडलेल्या फांद्या छाटून जाळल्या अन् मग राहिलेल्यावर फवारा. उरलेलं पाणी नालीत किंवा विहिरीकडे फेकायचं नाही, म्हणून कमीच बनवलं अन् सगळं त्याच झाडांवर संपवलं. पंप धुतलेलं पाणीही तिथंच. कपडे वेगळ्या बादलीत धुतले, मग डोक्यावरून आंघोळ. त्या संध्याकाळी लेकरं-कोंबड्या तिकडे सोडल्या नाहीत, पानं वाळून दुसऱ्या दिवशी सकाळी सोडल्या, अन् भाजीला लेबलवर जितके दिवस दिले तितके दिवस हात लावला नाही.

कोणाला फवारल्यावर मळमळ, चक्कर, घाम, लाळ, डोळ्यापुढे धूसर असं काही झालं तर ताक पाजत, लिंबू चाटवत घरी बसवायचं नाही. ओले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन लावा अन् ती बाटली सोबत न्या, डॉक्टरला औषधाचं नाव कळलं तर ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा की आणखी काही हे लवकर ठरते. मनाने उलटी काढायला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी दीर येऊन म्हणाले, माशी तर जिवंतच दिसते. निंबाचं औषध तसं मारत नाही, कीड खाणं सोडते, तिची वाढ अडते, अंडी घालणं कमी होते, म्हणून धीर धरावा लागते अन् परत मारावं लागते. भेंडीवरचा मावा हळूहळू गेला. वांग्याच्या अळीला मात्र ते पुरलं नाही, ती शेंड्याच्या आत बसून असते. तिच्यासाठी रोज सकाळी सुकलेला शेंडा खाली जिथंवर पोकळ आहे तिथंवर तोडायचा अन् साबणाच्या पाण्यात बुडवायचा, हे काम सासूबाईंनी घेतलं आहे, अन् आता वाडीत कामगंध सापळाही (मादीच्या वासाने नर पतंग ओढून धरणारा) टांगला आहे. पुढच्या वर्षी निंबोळ्या पडल्या की वेचून सावलीत वाळवून ठेवणार आहे, अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवली अन् गाळून १० लिटर केलं की ५ टक्के अर्क होते, विकतचं तेवढंही लागणार नाही. उरलेली बाटली मूळ लेबलसकट कोठ्यातल्या वरच्या फळीवर कुलपात आहे. घरात थंड्याच्या रिकाम्या बाटल्या पुष्कळ आहेत, पण त्यातल्या एकीतही औषध भरायचं नाही हे घरात सगळ्यांना बजावून सांगितलं आहे, पोरालाही.