खोडदच्या तबकड्या आणि दुकानातली खरखर

जानेवारी 2023 मध्ये आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच बातमी फिरत होती : नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला परग्रहावरून संदेश आला! सोबत मोठ्या डोळ्यांच्या हिरव्या माणसाचं चित्र. नारायणगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. लोकांच्या हिशेबी, दिवसभर तांब्याच्या तारेत बसणाऱ्या माणसाला रेडिओ दुर्बीणही कळायलाच हवी. त्यामुळे पंप टाकायला येणारा जो तो आधी तेच विचारायचा, मग मोटारीचं.

संदेश वगैरे काही नव्हता. हायड्रोजन होता. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या दोन शास्त्रज्ञांनी जीएमआरटीच्या, म्हणजे खोडदच्या या दुर्बिणीच्याच, नोंदींमधून एका फार लांबच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातल्या, हायड्रोजनची खूण शोधली होती. हायड्रोजनचा अणू 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. सोडतो म्हणजे काय, एका अणूला एकदा सोडायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त लागतात. पण दीर्घिकेत अणूच एवढे असतात की काहीतरी येत राहतं. ही लहर निघाली तेव्हा विश्व आजच्यापेक्षा बरंच लहान होतं. 8.8 अब्ज वर्षांच्या वाटेत विश्व पसरलं तशी लहरही ताणली गेली आणि खोडदला पोचली तेव्हा 48 सेंटिमीटरची झाली होती. मध्ये नेमकी दुसरी एक दीर्घिका आडवी होती. तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं, सिग्नल सुमारे 30 पटींनी वाढवला, म्हणून तो सापडला तरी.

हे सगळं ऐकून आमचे एक जुने गिऱ्हाईक आबा म्हणाले, "शेठ, हायड्रोजन तर आपल्या हिरीच्या पान्यात बी आहे. त्यात काय एवढं?"

प्रश्न बरोबरच आहे. पण तारा बनतो तो याच मालापासून. दीर्घिकेत हायड्रोजन आधी सुट्या अणूंच्या रूपात पसरलेला असतो. तो थंड होतो, अणूंच्या जोड्या जमतात, दाट ढग तयार होतात, ढग स्वतःच्याच वजनाने खचतात आणि आत तारे पेटतात. थंडीत मृग नक्षत्रात बाणाच्या खाली जो धुरकट ठिपका दिसतो, त्या तेजोमेघात हे आजही चालू आहे. तेव्हा एखाद्या दीर्घिकेत पुढे किती तारे होणार हे कळायचं असेल, तर तिच्या गोदामात हायड्रोजन किती शिल्लक आहे ते बघावं लागतं.

म्हणून मला 2023 च्या बातमीपेक्षा 2020 चं काम जास्त मोठं वाटतं. त्याचा मात्र आमच्याकडे कुणी एक फॉरवर्डसुद्धा पाठवला नाही. तारे बनण्याचा वेग साधारण 10 अब्ज वर्षांपूर्वी सगळ्यात जास्त होता, नंतर तो घसरत आज दहाव्या हिश्श्यावर आला, हे आधीपासून माहीत होतं. का घसरला, ते नीट कळत नव्हतं. जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटी सुमारे 100 तास आकाशाच्या ठराविक तुकड्यांवर रोखून धरली. एकेका दीर्घिकेचा हायड्रोजन इतका क्षीण की गोंगाटात कुठे गेला पत्ता लागत नाही. पण हवाईतल्या केक दुर्बिणींनी त्या दीर्घिकांची अंतरं आधीच मोजून ठेवली होती. अंतर कळलं की लहर किती ताणली असणार ते कळतं, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर कान द्यायचा तेही कळतं. मग 7,653 दीर्घिकांचे सिग्नल त्या त्या जागी धरून एकावर एक रचले. गोंगाट आडवातिडवा असतो, तो बेरजेत एकमेकांना खातो. खरा सिग्नल साठत जातो. निघालं असं, की 8 अब्ज वर्षांपूर्वी दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण ज्या वेगाने त्याचे तारे होत होते त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू तेवढ्या प्रमाणात आला नाही, माल संपत गेला आणि वेग पडला.

हे ज्या दुर्बिणीने शोधलं ती बघायला लोक 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला खोडदला जातात आणि डोळा कुठे लावायचा ते शोधतात. डोळा लावायची जागाच नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 खोडदजवळ एकगठ्ठा, बाकीच्या 16 तीन दिशांना शेताशिवारांतून पसरलेल्या. टोकाटोकाचं अंतर सुमारे 25 किलोमीटर. पत्रा कुठेच नाही, पोलादी तारेची बारीक जाळी दोरखंडांवर ताणलेली आहे. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही करामत. हात-हात लांबीच्या लहरीला जाळीची बोटभर भोकं दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्तात झाला. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की सगळ्या तबकड्या सरळ वर तोंड करून बसतात.

आता माझ्या धंद्यातलं. दुकानात एक जुना रेडिओ आहे, मीडियम वेव्हवर पुणे केंद्र लावलेला. कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजलेलं, ठिणग्या टाकणारं ड्रिल मशीन चालू केलं की निवेदक गायब, नुसती खरखर. ठिणगी उडाली की ती एका वारंवारतेवर बोलत नाही, सगळीकडे ओरडते. शेतातल्या पंपाच्या इंडक्शन मोटारीला कार्बनच नसतात, ती बिचारी निर्दोष. पण स्टार्टरचे जळके पॉइंट, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, सैल जंप (जोडतार), खांबावरचा फुटका इन्सुलेटर, हे सगळे बारीक बारीक ठिणग्या टाकत राहतात. अब्जावधी वर्षं चालून आलेल्या लहरीला शेवटच्या दोन-चार किलोमीटरवर हे आडवे येतात. खालच्या वारंवारतांवर त्रास जास्त. त्यात 5जीचा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा, आणि 8 अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन येऊन पोचतो तोही साधारण त्याच शेजारात. वीजवाहिन्यांवरचे असे सैल जोड हुडकून दुरुस्त करून घेण्याचं काम जीएमआरटीची माणसं करत असतात. अँटेना फिरवून सैल जंप शोधणाऱ्या माणसाला खगोलशास्त्रज्ञ म्हणतील की नाही माहीत नाही, माझ्या लेखी तो आहे.

आबांना ड्रिल आणि रेडिओचा हा प्रयोग करून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे माझा स्टार्टर नीट केला तर त्यांचं बी काम व्हईल?" म्हटलं, हो, थोडंफार होईल. पॉइंट बदलून दिले. पैसे मात्र पुढच्या टोमॅटोच्या पट्टीवर.

2022 मध्ये चौधरी-काणेकरांच्या त्याच गटाने 510 तासांच्या नोंदी आणि 11,419 दीर्घिका घेऊन तोच हिशेब आणखी बारकाईने मांडला. व्हॉट्सॲपवर तोही आला नाही.