'जीक्वॅक्स'ला गंडम म्हणायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गंडम म्हणजे आत माणूस बसून चालवतो तो महाकाय लढाऊ यंत्रमानव, आणि त्याच्यावरच्या जपानी ॲनिमे म्हणजे ॲनिमेशन मालिकाही त्याच नावाच्या. माझ्या कपाटात या गंडमची मॉडेलं आहेत, सगळी हातानं कापून, घासून, जोडलेली. घरी आलेलं माणूस थोडा वेळ बघतं आणि सगळ्यांत नव्या मॉडेलपाशी येऊन थबकतं. ज्यांना ॲनिमे ठाऊक आहे ते तर हमखास विचारतात, 'याला खरंच गंडम म्हणायचं?'

ते मॉडेल 'जीक्वॅक्स' या नव्या गंडम मालिकेतलं. इंग्रजीत नाव लिहायचं तर क्यूपुढे सहा यू येतात. एप्रिल ते जून २०२५ या काळात बारा भागांत ही मालिका आली आणि तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही. माझं उत्तर हो असं आहे.

आक्षेप मला कळतो. गंडम बनवणाऱ्या सनराइज स्टुडिओच्या जोडीला इथे खारा स्टुडिओ होता, म्हणजे 'इव्हँगेलियन' या दुसऱ्या गाजलेल्या ॲनिमेवाली मंडळी, आणि दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी. त्यांनी मूळ कथेच्या मुळालाच हात घातला. योशियुकी तोमिनो यांच्या १९७९ च्या पहिल्या मालिकेत झिऑन ही अंतराळातली सत्ता पृथ्वीच्या संघराज्याशी लढते. संघराज्याचा नवा गंडम आमुरो रे या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो आणि शेवटी झिऑन हरतं. 'जीक्वॅक्स'मध्ये झिऑनचा पायलट शार गंडमपाशी आधी पोचतो. तो ते पळवतो, लाल रंगवून घेतो, आणि युद्ध झिऑन जिंकतं. आमुरोवर त्या यंत्रात चढायची वेळच येत नाही. लहानपणापासून आमुरोला जीव लावलेल्या माणसाला हे लागणारच.

पण जुन्या कालक्रमात बसतं ते गंडम, असं धरलं तर बरंच काही घराबाहेर काढावं लागेल. १९९४ मध्ये 'जी गंडम'नं तो कालक्रम पहिल्यांदा सोडला. त्यात एकेका देशाचा गंडम आखाड्यात उतरल्यासारखा दुसऱ्याशी झुंजतो. तेव्हाही लोक चिडले होते. पुढे १९९९ मध्ये खुद्द तोमिनोंनी 'टर्न ए गंडम' केलं आणि आधीची सगळी गंडमयुद्धं एकाच विसरल्या गेलेल्या 'काळ्या इतिहासा'त जमा केली. मूळ माणसानंच सगळ्यांना आपलं म्हटल्यावर आपण दारात उभं राहून कुणाला अडवायचं?

माझी परीक्षा वेगळी आहे. पहिल्या मालिकेचा पहिलाच भाग आठवा. अंतराळातल्या वसाहतीवर हल्ला झालाय. फ्राउ बो या शेजारच्या मुलीची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांदेखत स्फोटात जातात. आमुरो तिला जबरदस्तीनं पळायला लावतो आणि स्वतः गंडममध्ये चढतो. हातात माहितीपुस्तिका आहे. समोर शत्रूचा झाकू, म्हणजे झिऑनचा यंत्रमानव, उभा आणि हा मुलगा पानं उलटून कुठलं बटण कशाचं ते शोधतोय! युद्ध मोठ्यांचं, यंत्रही मोठ्यांनी बांधलेलं, त्यातून त्याच्या वडिलांचाच त्यात हात, आणि आत बसतं पोर. हे जिथे आहे तिथे गंडम आहे असं मी मानते.

'जीक्वॅक्स'मध्ये ते आहे. अमाते ही चांगल्या घरातली शाळकरी मुलगी. पृथ्वीवरचा खरा समुद्र बघावा एवढंच तिचं स्वप्न. न्यान तिच्याच वयाची, पण युद्धात घर गमावलेली, चोरट्या मालाची ने-आण करून पोट भरणारी. न्यान धावत येऊन अमातेला धडकते आणि अमातेचा फोन फुटतो, तिथून त्यांची ओळख. त्याच भागात पोलिसांचे झाकू निर्वासितांच्या वस्तीत घुसतात आणि घरं तुडवतात. अमाते ते बघते, भडकते आणि यंत्रात चढते. युद्ध पाच वर्षांपूर्वी संपलंय, जिंकलेली बाजूही बदललीय, तरी चिरडली जाणारी छपरं गरिबांचीच. पुढे न्यान त्याच झिऑनच्या सैन्यात, तिथल्या सत्ताधारी घराण्यातल्या कीशिलियाच्या हाताखाली जाऊन गंडम चालवते. एका जेवणाला, एका मायेच्या शब्दाला भुकेली मुलगी सैन्य कसं आपलंसं करतं ते बघताना माझ्या पोटात तुटलं होतं.

आणि शालिया बुल. मूळ मालिकेत तो ३९ व्या भागात येतो आणि त्याच भागात आमुरोच्या हातून मरतो. गुरू ग्रहाकडून परतलेला शांत, थकलेला माणूस, वरिष्ठांच्या राजकारणात अडकलेला. बावन्न भागांची ठरलेली ती मालिका प्रेक्षक कमी म्हणून त्रेचाळीस भागांत आटोपावी लागली. नंतरच्या तीन संकलित चित्रपटांत तर शालियाला जागाच मिळाली नाही. त्या माणसाला 'जीक्वॅक्स'नं जगवलं, शारच्या शेजारी उभं केलं, त्याचं दुःख शेवटपर्यंत नेलं. ज्यांचं मूळ मालिकेवर प्रेम नाही त्यांना हा माणूस आठवलाही नसता.

माझी तक्रार आहे ती लांबीची. बारा भाग फार कमी पडले. शेवटच्या भागांत शार आणि मूळ मालिकेतली त्याची लाडकी पायलट लाला यांची जुनी जखम पुन्हा उघडते आणि सगळी कथा तिकडे ओढली जाते. अमाते-न्यानच्या वाट्याला जे यायचं ते घाईघाईत येतं. निर्वासितांच्या वस्तीत मालिका आणखी दोन भाग थांबली असती तर किती बरं झालं असतं!

तुम्ही बघणार असाल तर एक करा. आधी मूळ मालिकेचा तो ३९ वा भाग बघा, एकटाच बघितला तरी चालेल. शालिया जातो तिथे थांबा, आणि मग 'जीक्वॅक्स' लावा.