आमची वाटचाल: आधी रिसीव्हर, मग एलईडी

आमची फर्म छोटीच. एक खोली, दोन सोल्डरिंगची टेबलं आणि भिंतभर कंपोनंटचे डबे. काम म्हणजे साधी ऑटोमॅटिक कंट्रोल सर्किटं, हात पुढे केला की नळ सुरू होणं, पट्ट्यावरून बॉक्स गेला की काउंट वाढणं, गेटमध्ये कोणी आडवं आलं की मोटर थांबणं, असलं सगळं. लोकांना वाटतं यात खरी डोकेफोड प्रोग्रामिंगची असते, पण आमचं निम्मं काम इन्फ्रारेड सेन्सर (एलईडी डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतो, रिसीव्हर तो पकडतो) ठरवण्यातच जातं आणि धंदाही त्यावरच वाढला.

सुरवात रिपेअरिंगपासून झाली. दुसऱ्यांनी बनवलेले बोर्ड यायचे, सप्लाय बरोबर, आयसी चांगला, रिलेही टकटक वाजतोय, आणि तक्रार काय तर सकाळी चालतं, दुपारी चालत नाही. उघडून बघावं तर रिसीव्हर म्हणून साधा फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की ऑन होणारा ट्रान्झिस्टर), समोर खिडकी. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं (जुन्या पिवळ्या बल्बमध्ये पण असतं), त्यामुळे दुपारी तो ट्रान्झिस्टर आधीच पूर्ण ऑन होऊन बसलेला, मग आपल्या एलईडीचा उजेड आला काय न आला काय, त्याला काही फरकच पडत नाही. असे बोर्ड इतके आले की आम्ही स्वतःचा माल बनवायला लागलो तेव्हा कस्टमरला पहिला प्रश्न जागेचा विचारायला लागलो, ऊन येतं का, कुठल्या लाइट आहेत, मग वस्तू कसली आणि किती वेगात जाते. अंतर तो न विचारताच सांगतो, पण नुसत्या अंतरावरून सेन्सर ठरत नाही.

ऊन असेल तर ३८ किलोहर्ट्झवर एलईडी चालू-बंद करायचा आणि रिसीव्हर त्याच फ्रिक्वेन्सीचा घ्यायचा, म्हणजे उन्हाचा स्थिर उजेड तो बाजूला टाकतो. इथे बहुतेक जण टीव्हीच्या रिमोटवाला टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर उचलतात, स्वस्त, कुठेही मिळतो. पण तो बनलाय रिमोटच्या तुटक तुटक सिग्नलसाठी. एक कस्टमर गेटचं सर्किट घेऊन आला होता, ५५५ टायमर आयसीवरून ३८ किलोहर्ट्झ सलग सोडलेलं, चालू केल्या केल्या आउटपुट व्यवस्थित लो व्हायचं (म्हणजे उजेड पोचतोय) आणि थोड्या वेळाने मध्ये कोणी नसताना आपोआप हाय. त्याने एलईडी बदलून बघितले, रिसीव्हर बदलून बघितले, तेच. आम्ही स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून दाखवलं, एलईडीचे पल्स जसेच्या तसे चालू आहेत आणि आउटपुट मात्र सोडून देतंय. आत ऑटोमॅटिक गेन कंट्रोल (सिग्नल किती मोठा करायचा ते आपोआप ठरवणारा भाग) असतो, सलग येणारा सिग्नल त्याला ट्यूबलाइटच्या चोकसारखा त्रास वाटतो आणि तो गेन कमी करत जातो. उपाय दोनच, एकतर पल्सचे छोटे तुकडे करून मध्ये गॅप सोडा, नाहीतर आडव्या बीमसाठीच (कोणी मध्ये आलं की तुटणारा उजेडाचा झोत) बनलेला, म्हणजे टीएसएसपी ४०३८ सारखा फिक्स गेनचा रिसीव्हर घ्या. आम्ही बीमच्या कामाला दुसराच उपाय वापरतो, आणि सप्लायच्या पिनवर १०० ओहमचा रेझिस्टर व छोटा कपॅसिटर न चुकता लावतो, नाहीतर रिले-मोटरची विजेची घाण (नॉइज) सरळ आत जाते.

रिसीव्हर ठरला की एलईडी सोपा. ९४० नॅनोमीटरचा घेतला की डोळ्याला काही दिसत नाही, ८५० चा अंधारात मंद लाल दिसतो, आणि रिसीव्हर ९४० च्या आसपासचा असेल तर ८५० चा एलईडी लावून रेंज कमी झाली म्हणून रडण्यात अर्थ नाही. अँगल पण बघायचा, टीएसएएल ६१०० या एलईडीचा अर्धा कोन (मधल्या रेषेपासून उजेड निम्मा होईपर्यंतचा) १० अंश आणि ६२०० चा १७, लांब बीमला अरुंद बरा पण मग दोन्ही बाजू सरळ रेषेत बसवताना फिटरची कसोटी लागते. इन्फ्रारेड एलईडीवर साधारण १.३ व्होल्ट पडतात, तेव्हा ५ व्होल्टवर २२० ओहम लावला की १७ मिलिअँपच्या आसपास करंट जातो, टेबलावरच्या टेस्टिंगला तेवढं पुरतं. एलईडी पेटतोय का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघायचं, मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा फिल्टर असतो.

जवळच्या कामाला, म्हणजे चाकावरची पट्टी वगैरे ओळखायला, टीसीआरटी ५००० (एलईडी आणि रिसीव्हर शेजारी असलेला, परावर्तित उजेड बघणारा सेन्सर) मस्त, पण तो अडीच मिलिमीटरवर सगळ्यात चांगला चालतो, पंधराच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नये. तरी हातभर अंतरावरून तो वस्तू बघेल म्हणून घेणारे भेटतातच!

काळा रंग हे वेगळंच प्रकरण आहे. आपल्याला काळं दिसतं ते इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही, काही काळी शाई आणि कापड चांगलं परावर्तन देतं, आणि काही काळं प्लास्टिक तर चक्क आरपार जाऊ देतं, रिमोटच्या पुढची काळी खिडकी तशीच असते. म्हणून आम्ही कस्टमरकडून खरी वस्तू मागवून घेतो आणि एलईडी व रिसीव्हरच्या मधला आडोसा बोर्डावर चढवायच्या आधी तपासतो, कारण आडोशातूनच उजेड गळत असेल तर सेन्सरला समोर सतत काहीतरी दिसत राहतं.

आणि माणूस ओळखायचा म्हणून आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर मागायला येणाऱ्याला बहुतेक वेळा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) हवा असतो. तो अंगाची उष्णता बघतो, १० मायक्रॉनच्या आसपासची, त्याला एलईडी लागत नाही, आणि खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको.

बाकीचं सर्किट नेहमीचंच, एलएम ३९३ ला (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी) पुल-अप रेझिस्टर आणि थोडा हिस्टेरिसिस (ऑन-ऑफच्या पातळीत थोडं अंतर, म्हणजे आउटपुट फडफडत नाही), रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड. सध्या एक धुळीच्या जागेचं काम चालू आहे, तिथे काच मळते आणि सिग्नल हळूहळू पडत जातो, म्हणून बीम तुटायच्या आधीच 'काच पुसा' असा पिवळा दिवा लागेल असं काहीतरी जमवतोय, आणि त्यासाठी तयार रिसीव्हर सोडून परत फोटोडायोड (उजेडाच्या प्रमाणात करंट देणारा डायोड) आणि अँप्लिफायरवर यावं लागलंय, कारण तयार रिसीव्हर फक्त हो किंवा नाही सांगतो, सिग्नल किती उरलाय ते सांगत नाही.