बेपत्ता

शनिवार, रात्रीचे साडेनऊ

अहवाल अजून गेलेला नाही. काल सूर्यास्ताच्या आत पाठवायचा होता. आज शब्बाथ, म्हणजे आम्हा सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीचा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर लॅपटॉप उघडला, फाइल उघडली, चहा घेतला, फाइल मिटली आणि हे लिहीत बसलो. 'विभागाची प्रगती आणि पुढील पाच वर्षांचे ध्येय' असं वर ठळक अक्षरांत आहे. खालची पावणेदोन पानं बरी उतरली आहेत असं गुरुवारपर्यंत वाटत होतं.

तिसऱ्या पानावर तक्ता आहे. वर्षारंभीचे सभासद, बाप्तिस्मे, पत्राने दुसऱ्या मंडळीतून आलेले, पत्राने दुसरीकडे गेलेले, मृत, वगळलेले, बेपत्ता. या शेवटच्या रकान्याचा मला अभिमान होता, हे इथे तरी कबूल करतो. आधीच्या लोकांनी फुगवून ठेवलेली नावं मी छाटली. त्याला मी 'वही स्वच्छ करणं' म्हणायचो. पुण्यातल्या बैठकीत दोघातिघांनी तो शब्द उचललासुद्धा. दोन वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर नाव ठरावाने या रकान्यात न्यायचं. मी नेली. दोन फोन, एक पत्र, ठराव, सही.

काल पाटणला बाजारपेठेतल्या घरी प्रार्थना होती, ती लवकर आटोपली. तिथले नवे वडील, म्हणजे मंडळीचे एल्डर, म्हणाले, "पास्टर, वर वाडीत आक्का आहेत, भेटून जायचं का?" आठवडी बाजारात अंडी घेता घेता त्यांची ओळख झालेली. मी म्हटलं, कोण आक्का? त्यांनी नाव सांगितलं. नाव ओळखीचं वाटलं. का ओळखीचं, ते केरा नदीच्या बाजूने वर चढताना, त्यांच्या मोटरसायकलच्या मागे बसलेलो असताना कळलं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आक्का अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होत्या. त्यांनी मला ओळखलं. मी त्यांना नाही. "कवा आलासा? बसा की," म्हणाल्या, जणू मी गेल्याच महिन्यात येऊन गेलो होतो. माझ्या आधीच्या पाळकाला त्या माझ्यातच जमा धरत होत्या, तेही मी दुरुस्त केलं नाही. काल मी बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्या नाहीत.

शब्बाथ शाळेचं तिमाही पुस्तक कोनाड्यात होतं. कोविडच्या आधीचं. कडा तेलकट, मधली पिन निघालेली, दोऱ्याने शिवलेलं. तेरा धडे संपले की पुन्हा पहिल्यापासून. "नवं आणलंय व्हय?" एवढंच विचारलं. माझ्या पिशवीत अहवालाची प्रिंट, मोबाइलचा चार्जर आणि पाण्याची बाटली होती.

दशांशाचं, म्हणजे कमाईतल्या देवाच्या दहाव्या हिश्श्याचं, काय करता, हे मी विचारायला नको होतं. सवयीने विचारलं गेलं. म्हणाल्या, दहावं अंडं. नऊ बाजारात जातात, दहावं अंगणवाडीच्या पोरांना. "तुमी कुणी आलाच न्हाईसा न्यायाला, मग म्हनलं वाया का घालवायचं. चालतंय न्हवं?"

आता नियमाने हे दशांश नव्हे. बायबलात मलाखी ३:१०, सगळा दशांश भांडारात आणा. भांडार म्हणजे मंडळीची तिजोरी, तिथून वर, तिथून आणखी वर. अंगणवाडीला दिलं ते दान झालं, दशांश नव्हे. यावर मी स्वतः शिबिरं घेतली आहेत, कराडला, सांगलीला, फळ्यावर बाण काढून. आणि मी म्हणालो, "चालतंय, आक्का."

विभागप्रमुखाने असं म्हणायचं नसतं. पण दुसरं काय म्हणणार होतो? पावती फाडणार होतो?

मग त्यांनी वर पाहिलं. समोर पठारावर पवनचक्क्या आहेत, वनकुसवड्याच्या अंगाच्या. त्यांतल्या दोन चक्क्यांच्या मधून सूर्य मागे उतरला. "लागला शब्बाथ," म्हणाल्या, आणि कण्यांचं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मी मोबाइल पाहिला. पाच वाजायलाही थोडा अवकाश होता. कॅलेंडरप्रमाणे सूर्यास्त सहाच्या आसपास. माझा पूर्ण बेत त्या मधल्या तासावर बेतलेला होता. खाली उतरून रेंज मिळाली की फाइल पाठवायची, मग शब्बाथ.

आमच्या लोकांनी सुरुवातीला घड्याळाचे सहा धरले होते, संध्याकाळी सहा ते संध्याकाळी सहा. १८५५ मध्ये आमच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी अँड्र्यूज यांनी शास्त्र तपासलं आणि मग सूर्यास्त ठरला. तेच अँड्र्यूज पुढे १८७४ मध्ये पहिले अधिकृत मिशनरी म्हणून युरोपात गेले. कॉलेजात हा प्रश्न मला परीक्षेत आला होता, पैकीच्या पैकी गुण होते. डोंगर मध्ये आला तर काय धरायचं, हे त्या प्रश्नपत्रिकेत नव्हतं. आक्कांचा शब्बाथ डोंगराने सुरू होतो, डोंगरानेच संपतो. तास तेवढेच भरतात, फक्त आधी.

आम्ही बसलो. त्यांनी एक गीत म्हटलं, दोन कडवी, चाल थोडी वेगळी. वडिलांनी प्रार्थना केली. मला प्रार्थना करायला कुणी सांगितलं नाही, आणि बरं झालं.

उतरताना अंधारलं. रेंज आली तेव्हा माझाही शब्बाथ लागला होता.

तर 'बेपत्ता'. कालपासून हा शब्द कुसळासारखा टोचतोय. पत्ता होता. वाडी, तालुका, जिल्हा, सगळं वहीत माझ्या कारकुनाच्या अक्षरात आहे. नंबर मुलाचा होता. मुलगा वारला, हे मला काल कळलं. पत्राचं काय झालं कोण जाणे. जुलै २०२१ ला मिरगाव, आंबेघरला दरडी कोसळल्या तेव्हा आम्ही चादरी आणि तांदूळ घेऊन पाटणवरूनच गेलो होतो, दोनदा. स्टँडसमोर थांबून वडापाव खाल्ला होता. त्या फेरीचा फोटो त्या वर्षीच्या अहवालात आहे. मी डावीकडून तिसरा.

हरवलेल्या मेंढराचा दाखला कृपा करून कुणी मला आठवून देऊ नका. तो मी इतक्या वेळा सांगितला आहे की त्यातलं मेंढरूसुद्धा कंटाळलं असेल.

खरं सांगायचं तर काल रात्री स्वतःचीच कीव आली. तीस वर्षं. सामान बांधा, सामान सोडा. मुलांच्या किती शाळा बदलल्या ते हिला विचारा, नको, विचारू नका. पाळक व्हायला निघालो होतो आणि तक्ते भरणारा झालो. कुणाच्या घरी गेलो तरी लोक आधी बदलीचं विचारतात, नाहीतर जागेच्या सात-बाराचं. एक्सेलमधले रकाने कसे गोठवायचे हे मला आता स्तोत्रसंहितेपेक्षा जास्त पाठ आहे. आणि एवढं करून एक बाई डोंगरावर शिवलेलं पुस्तक वाचते आणि मला अपराधी वाटायला लावते. तिने काही केलं नाही, तरी.

दावीद राजाची शिरगणती काल रात्री बायबलात वाचली. २ शमुवेल २४. त्याचा सेनापती यवाब नको म्हणत होता, दावीदाने ऐकलं नाही. नऊ महिने वीस दिवस देशभर फिरून आकडा आणला, इस्राएलचे आठ लाख, यहूदाचे पाच लाख. आकडा हातात पडला आणि दावीदाचं मन त्याला खाऊ लागलं. आजपर्यंत मी यावर संदेश देताना नेहमी दावीदावर बोललो. यवाबाचं मात्र कधी मनात आलं नाही. चुकीचं काम आहे हे माहीत असून नऊ महिने वीस दिवस नीट, मन लावून करणारा माणूस. त्याचा तक्ता नक्की सुबक असणार.

आज दुपारी मात्र हसू आलं. आमची मंडळीच मुळात चुकलेल्या गणितातून उभी राहिली. २२ ऑक्टोबर १८४४, प्रभू येशू परत येणार म्हणून लोक रात्रभर जागले, पहाट झाली, कुणी आलं नाही. शेतात बटाटे तसेच राहिले होते म्हणतात. त्या फजितीतून जे टिकले त्यांनी १८६३ मध्ये संघटना केली तेव्हा जेमतेम साडेतीन हजार होते. आता जगभर दोन कोटींच्या वर. आणि आमच्याच संशोधकांचा हिशेब सांगतो की १९६५ पासून सभासद झालेल्या दर दहांपैकी साधारण चार निघून गेले. त्या चारांत किती गेलेले आणि किती अशा कोंबड्या पाळत बसलेल्या?

पुढील ध्येयाच्या पानावर मी 'प्रत्येक तालुक्यात एक नवा गट' लिहिलंय. पाटणच्या पुढे कंसात 'शून्यातून'. ते कंस आज खोडले. एवढं एकच काम झालं.

सूर्य मावळल्यावर पुण्याला सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, बेपत्तामधून एक कमी करायचा आहे. ते म्हणाले, "सापडले का? अरे वा. पण आकडे लॉक झालेत, आता पुढच्या तिमाहीत घेऊ. मंडळीचा ठराव लागेल." बरोबरच आहे, नियम माझाच पसरवलेला आहे. म्हणजे आक्का अजून तीन महिने बेपत्ता. त्यांना हे सांगायची गरज नाही. पुस्तक मात्र सोमवारच्या एसटीने पाठवतोय, या तिमाहीचं आणि पुढच्या तिमाहीचंही. वडिलांना सांगून ठेवलंय.

निघताना आक्कांनी चार अंडी दिली होती, वर्तमानपत्रात बांधून. मोटरसायकलवर एक फुटलं, पिशवीत अहवालाच्या प्रिंटवर सांडलं, तक्त्याचं पान चिकटून बसलं. तीन साताऱ्यापर्यंत धड आली. हिने विचारलं, ही नऊतली की दहावी? ते मी विचारलंच नव्हतं. अजून फ्रिजमध्येच आहेत.