पिल्लू नको म्हणाली आई

काल रात्री फोनवर आईने सहज विचारलं, मांजरं साधारण किती वर्षं जगतात गं? मी पण सहज सांगून टाकलं, की घरातल्या घरात राहणारी, लसी वगैरे वेळेवर झालेली असतील तर १२-१५ आरामात, काही तर २० पर्यंत जातात. तिकडून आवाज नाही, कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाली, "मग पिल्लू नको. मोठंच बघ एखादं." आणि लगेच कैऱ्या अजून महागच आहेत यावर गेली.

बास, एवढंच झालं, पण तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी कागदाच्या कोपऱ्यात ७७ अधिक १५ असं लिहून खोडलं. तिने हाच हिशोब मनातल्या मनात दोन सेकंदात केला असणार आणि मला कळूही दिला नाही.

मांजर आणायची कल्पना दादाची. नाना गेल्यापासून ते घर फार शांत झालंय, तिला सोबत हवी, हे त्याला तिकडे बसून सुचलं ते बरंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यायला लागतं, ते तिच्या गुडघ्यांना जमणार नाही, म्हणून मांजर. इथपर्यंत एकमत. पण मग तो लिंका पाठवत सुटला. आधी पर्शियन, मग रॅगडॉल, मग ब्रिटिश शॉर्टहेअर, आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं की वयस्कर लोकांसाठी उत्तम, शांत स्वभाव. स्वभाव शांत असतो हे खरंय. पण जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि आई एसी लावू देत नाही, हे त्या लिंकेत कुठे लिहिलेलं असणार?

पर्शियनचं मला जवळून माहितीये. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, पंच फेसवालं. त्याचं नाक इतकं बसकं की झोपलं की घोरतं, आणि उन्हाळ्यात तोंड उघडं टाकून धापा टाकतं. डोळ्यांतून सतत पाणी, ते दिवसातून दोनदा ओल्या कापसाने पुसायचं, नाहीतर नाकाच्या बाजूला तपकिरी खपली धरते. केस रोज विंचरायचे म्हणजे रोजच. चार दिवस काकू लग्नाला गेल्या होत्या तर कानामागे आणि काखेत अशा घट्ट गाठी झाल्या की शेवटी डॉक्टरांकडे नेऊन मशीनने भादरावं लागलं. आईच्या उजव्या हाताची बोटं सकाळी नीट मिटत पण नाहीत, ती कंगवा कशी धरणार? शिवाय या जातीत किडनीत गाठी होण्याचा आजार पिढीजात असतो, आई-बापातल्या एकात जरी तो दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. त्याची टेस्ट असते, पण मी ज्या विक्रेत्यांना फोन केले त्यांनी टेस्ट म्हटल्यावर लगेच किंमत कमी करायची भाषा सुरू केली. मला किंमत कमी नको होती.

रॅगडॉल गोड असतं, उचललं की अंग सैल सोडून पडून राहतं म्हणे. पण बोका सात-आठ किलोपर्यंत भरतो, केसही बऱ्यापैकी लांब. लिफ्ट नाही, दुसरा मजला, आणि पिंजऱ्यात घालून डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे पिंजऱ्यासकट नऊ-दहा किलो वजन घेऊन जिना उतरायचा. ब्रिटिश शॉर्टहेअरला मांडीवर घेतलेलं फारसं आवडत नाही, आणि आईला तर मांडीच हवीये भरायला. सयामी दिवसभर बोलत बसतं, ते एक वेळ तिला आवडेल, पण त्याला सतत कोणीतरी खेळायला लागतं, बंगाल जातीच्या मांजराचं तर विचारूच नका.

हे सगळं मी रात्री जागून वाचलं, वहीत मांडलं, दादाला समजावलं. आणि खरं सांगू, मधेच एकदा खूप भरून आलं. सगळं मीच का बघायचं असं वाटलं. माझ्यावर ही वेळ येईल तेव्हा माझ्यासाठी असं वहीत कोण मांडून बसणार आहे, असंही वाटून गेलं. ते जाऊ दे.

पण बघा ना, एवढी वही भरली त्यात मी वयाचा रकानाच केला नव्हता. केस, वजन, आवाज, आजार, खर्च, सगळे रकाने होते. मांजराचं वय असं कुठेच नव्हतं, कारण ते लिहिलं की शेजारी आईचं लिहावं लागतं. आणि तो रकाना तिने स्वतः भरला, लोणच्याबद्दल बोलता बोलता.

तसं पिल्लू नको हे डॉक्टरही सांगतातच. आई रक्त पातळ व्हायची गोळी घेते, मनगटावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीये, भाजीची पिशवी घासली तरी जांभळा डाग पडतो आणि पंधरा दिवस राहतो. पिल्लाची नखं सुईसारखी, त्याला कळत नाही, ते खेळता खेळता साडीला लटकत वर चढणार. रात्री बाथरूमला उठली की पायात येणार आणि ती पडली तर? या वयात मांडीचं हाड मोडणं म्हणजे काय ते मावशीच्या वेळी बघितलंय सगळ्यांनी. मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच कळलेला असतो, शांत आहे की चिडकं, मांडीवर बसतं की नाही, कुकरच्या शिट्टीला घाबरतं का. म्हणजे मी तिला पिल्लू आणलंच नसतं. तरी तिने ते कारण दिलं नाही, तिने वर्षं विचारली. हेच राहून राहून टोचतंय.

आज सकाळी परत फोन केला, मुद्दाम तो विषय काढायला, तर तीच सांगायला लागली. भिशीतल्या एका वहिनींची बदली झालीये बेंगळुरूला, मिस्टर बँकेत आहेत, त्यांची मांजर आहे आठ वर्षांची, गावठीच, पांढरी आणि अंगावर काळे-भगवे ठिपके. तिरंगी म्हणजे मादीच असणार, बोका असा फार क्वचित निघतो. ऑपरेशन झालेलं आहे, आपल्या वातावरणात वाढलेली, आखूड केस, वजन साडेतीन किलो. तिकडे भाड्याच्या घरात घरमालक प्राणी ठेवू देत नाही म्हणून त्या रडकुंडीला आल्यात, मोठं मांजर कोणी घ्यायला बघत नाही, सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. आई दोनदा जाऊन बसून आली तिथे! मला पत्ताच नाही. "पहिल्या दिवशी कपाटावरच बसून होती, काल येऊन माझी चप्पल हुंगली," म्हणाली, आणि तिचा आवाज असा मी खूप दिवसांनी ऐकला.

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. पांढरी आहे म्हणजे शहाबादी फरशीवर रात्री दिसेल, पायात येणार नाही. (माझ्या वहीत रंगाचा रकाना पण नव्हता.) वाळूचा ट्रे खाली नको, वाकवत नाही, चौरंगावर ठेवू का असं वहिनींनी विचारलं तर म्हणाली चौरंग देवाचा आहे, जुना टीपॉय काढते माळ्यावरून. मी म्हटलं, माळ्यावर तू चढायचं नाहीस, रविवारी मी येतेय. दूध देऊ नको, मोठ्या मांजरांना ते पचत नाही, हे सांगितलं तर तिला पटलं नाही, वाड्यात सगळी मांजरं दूधभातावरच वाढली म्हणाली. मी म्हटलं ती उंदीरही खायची, त्यातून त्यांचं भागायचं, नुसत्या भातावर मांजराचं पोट चालत नाही. त्यावर थोडा वेळ वाद झाला. बरं वाटलं वाद घालून. गोळ्यांचं मात्र मी दहा वेळा बजावलंय. तिच्या हातून स्ट्रिपमधून गोळी काढताना हमखास एखादी खाली पडते, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आता गोळ्या ताटात काढायच्या, उंच कडेच्या.

आणि मग मी विचारलंच. आई, तू काल वर्षं का विचारलीस? तर ती अगदी सरळ म्हणाली, "अगं, तिला दुसऱ्यांदा घर बदलायला लागू नये म्हणून. एकदा बदलतेय तेवढं पुरे." मला काही बोलताच आलं नाही. मी रात्रभर आईच्या बाजूने बेरजा करत होते आणि ती मांजराच्या बाजूने करत होती. त्यात उदास असं काही नव्हतंच तिच्या आवाजात. नानांची पेन्शनची फाईल लावताना जशी बोलायची, तशीच बोलत होती. मी म्हटलं तसं झालंच तर मी नेईन पुण्याला, माझ्याकडे राहील. "ते मी वहिनींना सांगून टाकलंय आधीच," म्हणाली.

मला न विचारता. ठीक आहे.

आता रविवारी जाऊन बघायचं. आठ वर्षं म्हणजे तरुण नाही, त्यामुळे आधी रक्त तपासून घ्यायचं, किडनीचं मुख्य, आणि दात. लसीचं कार्ड मागायचं, रेबीजची तारीख बघायची. तिची रोजची चादर, ताटली, तीच वाळू, सगळं उचलून आणायचं म्हणजे नवीन घरात बुजणार नाही. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायची. गॅलरीला कबुतराची जाळी आहे, ती एका कोपऱ्यात सुटलीये, ती बांधायची. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी.

दादाला आत्ताच मेसेज केलाय की रॅगडॉलचे पैसे तसेच ठेव, त्यातून आईच्या खोलीत एसी बसवू, स्वतःसाठी तिने तीन उन्हाळे नाही म्हटलं, मांजरासाठी नाही म्हणणार नाही.